गायरान पडीक नाही!
केज तालुक्यातून जंगलपट्टीतल्या गावांना



ज्याला वाचता येतं त्यानं हे वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवावं, ही विनंती.

आम्ही केज तालुक्यातले, जिल्हा बीड. पारधी, भिल्ल, मातंग, बौद्ध, वडार अशी आमची वस्ती. गावापासून लांब, गायरानाला लागून. तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्यात जंगल कुठं आहे? खरं आहे. शंभर एकरांत तीन एकरसुद्धा वन नाही. बालाघाटाचे उघडे डोंगर, मुरमाड माळ आणि खाली मांजरा नदी. धनेगावचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, पण त्याचं पाणी आमच्या माळावर चढत नाही.

मग जंगलाच्या उद्योगावर आम्ही का लिहावं? कारण तो उद्योग आता जंगल सोडून गायरानावर यायला निघाला आहे. तुमच्याकडे त्यानं काय केलं ते तुम्ही भोगलं आहे. आमच्याकडे तो काय करणार, हे आम्हाला दिसायला लागलं आहे. दोन्ही हिशेब एका ठिकाणी मांडावेत म्हणून हे लिहितो.

गेल्या चैत्रात आमच्या एका गावात सभा झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. एक साहेब आले. त्यांनी सांगितलं, गावाचं गायरान पडीक आहे. त्यावर निलगिरी आणि सुबाभूळ लावू. सात-आठ वर्षांनी कागदाच्या गिरण्या जागेवर येऊन लाकूड उचलतील. पंचायतीला पैसा येईल, पोरांना काम मिळेल, मागास मराठवाड्याच्या अर्थव्यवस्थेला वनउद्योगाचा हातभार लागेल. ठराव वाचला, हात वर झाले. हात वर करणाऱ्यांत गायरान कसणारा एकही नव्हता. आमची निम्मी माणसं अजून साखर कारखान्यावर होती.

वस्तीवरची एक म्हातारी तेवढी दाराशी बसली होती. ती म्हणाली, "सायेब, पडीक हाय म्हणता, मग माही शेळी काय दगडं खाती का?" सभा हसली. साहेबही हसले. ठराव मात्र मंजूर झाला.

म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. आमचं सगळं म्हणणं त्या प्रश्नातच आहे. वनउद्योगाच्या हिशेबात जे येतं तेवढंच उत्पन्न धरलं जातं, आणि जे आमच्या पोटात जातं ते 'पडीक' म्हणून लिहिलं जातं. असा हिशेब ज्यानं लिहिला त्यालाच जमीन मिळते.

गायरान आम्हाला काय देतं

सरकारदप्तरी गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. आमच्याकडे ती चराईलाही आहे आणि कसायलाही. कुणाकडे दोन एकर, कुणाकडे तीन. दगड वेचून बांध घातले, मुरूम फोडला आणि बाजरी, हुलगा, मटकी, तूर असं पेरलं. पाऊस बरा झाला तर एकरी दोन-तीन पोती धान्य होतं. नाही झाला तर कडबाही होत नाही. अडीच एकरांत सहा पोती आली तर सहा माणसांच्या घराला सहा-सात महिने पुरतात. ही काही श्रीमंती नव्हे. पण त्या सहा-सात महिन्यांत कुणाच्या दारात जावं लागत नाही.

बाकीच्या माळावर शेळ्या चरतात. शेळी म्हणजे आमची बँक. लेकरू आजारी पडलं तर बोकड विकायचा. तरवड, बोराटी, हिवर, बाभळीचा पाला-शेंगा शेळीला आणि वाळलेली काटकी चुलीला. यातलं काहीही बाजारात जात नाही, कुठल्या वहीत लिहिलं जात नाही, त्यावर कर बसत नाही. म्हणून ते नाहीच असं समजायचं का?

आमच्यातल्या पारध्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवायची रीत पडली. १९५२ साली तो कायदा गेला, पण पोलिसांच्या डोळ्यांतून गेला नाही. फासे लावून तितर, ससा धरायचा हा बापजाद्यांचा धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा झाला. ठीक आहे, शिकार सोडली, नांगर धरला. तर महसूल कायद्याच्या कलम ५० नं तो नांगर अतिक्रमण ठरला. आता तिसऱ्यांदा उठवायचं आहे, आणि या वेळी कारण काय, तर झाडं लावायची आहेत! शिकार करायची नाही, पेरायचं नाही, मग पारध्यानं जगायचं तरी कशावर?

ही जमीन आम्ही चोरून घेतलेली नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली, मराठवाड्यातलीही गेली. मागणी एकच होती, पडून असलेली सरकारी जमीन भूमिहीनाला द्या. त्या रेट्यानं सरकारला पुढं निर्णय करावे लागले. १९७८ च्या डिसेंबरातल्या निर्णयानं ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची ठरली. म्हणजे ज्या जमिनीला सरकारचा एक कागद 'भूमिहीनाला द्या' म्हणतो, त्याच जमिनीला दुसरा कागद 'पडीक' म्हणून रोपांना देतो. पहिला कागद तलाठ्याच्या पेटीत पडून राहतो. दुसरा मात्र मिरगाच्या आधी ट्रॅक्टरवर बसून येतो.

रोपांचा हिशेब आणि आमचा हिशेब

आता साहेबांचं म्हणणं नीट तपासू. रोजगार मिळेल म्हणतात. मिळेल का? मिळेल. खोटं बोलून आमचा फायदा नाही, म्हणून सरळ हिशेब मांडतो.

चाळीस एकर गायरान धरा. त्यावर अडीच-अडीच एकर कसणारी सोळा घरं. रोपं दोन-दोन मीटरवर लावली तर हेक्टरी अडीच हजार खड्डे होतात. चाळीस एकर म्हणजे सोळा हेक्टर, म्हणजे चाळीस हजार खड्डे. मुरमात एक माणूस दिवसाला पंधरा खड्डे काढतो असं धरलं तर सव्वीसशे-सत्तावीसशे दिवसांचं काम होतं. सोळा घरांतल्या बत्तीस बाप्ये-बायांना वाटून दिलं तर प्रत्येकाला ऐंशीच्या वर दिवस. पहिल्या वर्षी हा आकडा आमच्या बाजरीपेक्षा मोठा दिसतो. सभेत हाच आकडा सांगतात, आणि तो खोटा नसतो.

पण दुसऱ्या वर्षी काय? मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं आणि थोडी खुरपणी. तिसऱ्या वर्षापासून एक राखणदार. तो बहुतेक सरपंचाचा माणूस असणार. पुढं पाच वर्षं काहीही नाही. आठव्या वर्षी ठेकेदार येणार, त्याची माणसं, त्याची करवत, त्याचा ट्रक. सोळा घरांची आठ वर्षांची भाकर देऊन आम्हाला मिळाले एका उन्हाळ्याचे खड्डे.

शिवाय ते खड्डे रोजगार हमीतले. रोजगार हमी तर १९७७ च्या कायद्यानं आमचा हक्कच आहे. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायला सरकार बांधलेलं आहे. ते काम नालाबंडिंगवर द्या, पाझर तलावावर द्या, आमच्याच वावराच्या बांधावर द्या. हक्काचं काम दाखवून हक्काची जमीन काढून घ्यायची, हा कुठला रोजगार?

आणि शेळीचं काय? रोपं लावली की चराई बंद. सुबाभूळ शेळी खाते, म्हणून तिला कुंपणाबाहेर हाकलणार. निलगिरीचा पाला शेळी तोंडात धरत नाही, म्हणून कुंपण काढलं तरी उपयोग नाही. म्हणजे दोन्हीकडून शेळी उपाशी.

मग आम्ही कुठं जाणार?

या प्रश्नाचं उत्तर बीड जिल्ह्यातल्या लेकरालाही ठाऊक आहे. कोयत्यावर.

जंगलपट्टीतल्या भावांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. दिवाळीच्या सुमाराला आमचे तालुके रिकामे होतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, कर्नाटक, जिथं साखर कारखाना तिथं आमच्या बैलगाड्या आणि ट्रक जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग पाच-सहा महिने ती फेडायची. उसाच्या पाचटाची कोपी, पहाटे तीनला फड, रात्री मोळ्यांची गाडी. पोरं शाळेतून निघतात ती निघतातच. आजारी पडून खाडा झाला तर तो उचलीत चढतो. उन्हाळ्यात घरी आलं की पुन्हा उचल.

पण सगळ्यांची उचल सारखी नसते. ज्याच्या घरात सहा महिन्यांची बाजरी आहे तो उचल कमी घेतो, मुकादमाशी दोन शब्द जास्त बोलतो, एखाद्या वर्षी जातच नाही. ज्याच्या घरात काही नाही तो भाद्रपदातच अंगठा देतो. मुकादम सांगेल त्या भावात, सांगेल त्या कारखान्यावर. अडीच एकर गायरानाची खरी किंमत ही आहे. ते आम्हाला श्रीमंत करत नाही, पण स्वस्तात विकूही देत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, गायरानावर रोपं आली की पहिला फायदा कागद गिरणीचा नाही, मुकादमाचा. गिरणीला आठ वर्षं थांबावं लागेल. मुकादमाला त्याच दिवाळीत सोळा कोयते जास्त मिळतील, तेही स्वस्तात. प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेला हातभार लागेल म्हणतात तो हा.

तुमच्याकडून बांबू जातो, आमच्याकडून माणूस

साहेब म्हणतात, मराठवाडा मागास आहे कारण इथं उद्योग नाहीत. वनउद्योग आला की पैसा खेळेल. मग जिथं वनउद्योग आधीच आहे तिथं जाऊन बघावं.

महाराष्ट्रात सगळ्यांत दाट जंगल चंद्रपूर-गडचिरोलीत. तिथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत जात असे, सागवान डेपोवरून लिलावात जातं, तेंदूची पानं विड्यांच्या कारखान्यांना जातात. १९६९ च्या कायद्यानं तेंदूचा व्यापार सरकारनं हातात घेतला. तेव्हा युनिटं पाडून लिलाव होत, ठेकेदाराची रक्कम तिजोरीत जमा होई, आणि मे महिन्याच्या उन्हात पानं तोडून पुडे बांधणाऱ्या बाईला पुड्यावर मजुरी. १९७४ साली वन विकास महामंडळ आलं. मोह, चार, तेंदू, बेहडा असलेलं मिश्र जंगल तोडून एकसारखं साग लावायचं काम त्यानं केलं. सागाला बाजार आहे. मोहाला नाही, असं त्यांना वाटतं. गोंड, माडिया माणसाला विचारा, मोह घरात किती महिने पुरतो ते. बांबू, साग, तेंदू, कागद, एवढा माल ज्या जिल्ह्यातून निघतो तो जिल्हा श्रीमंत व्हायला नको का? मग गडचिरोली मागास जिल्ह्यांच्या यादीत का?

कारण माल निघतो तिथं पैसा थांबत नाही. लाकूड गावातून, कागद गिरणीतून, नफा शहरातून. गावात राहतो खुंट, आणि गार्डाची पावती.

गिरणीला माल कोणत्या भावानं मिळत आला तेही बघा. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला सुरुवातीच्या वर्षांत सरकारनं बांबू टनाला एक-दीड रुपया अशा भावानं दिला. बाजारात बुरूड त्याच बांबूला त्याच्या शेकडो पट दाम मोजत होता. सूप-टोपली विणणाऱ्यासाठी महाग आणि गिरणीसाठी मातीमोल! तरीही सवलत खाणारा उद्योजक, आणि जंगल खाणारे आपण. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगानं तर लिहूनच ठेवलं, की खेड्यातल्या लोकांना जंगलातून फुकट मिळतं आणि त्यांचे हक्क आहेत म्हणून जंगलाचा नाश झाला. मोळीवालीनं जंगल संपवलं, गिरणीनं नाही!

तुमच्याकडून बांबू जातो, आमच्याकडून माणूस जातो. दोन्ही कच्चा माल. दोन्हींचा भाव दुसराच कुणी ठरवतो. आम्ही आजवर समजत होतो की तुमची लढाई जंगलाची आणि आमची जमिनीची. ती एकच आहे.

"झाडांना विरोध करता?"

हा प्रश्न आम्हाला हटकून विचारतात. शिकलेली पोरंही विचारतात. त्याला हसून चालणार नाही, उत्तर दिलं पाहिजे.

झाडांना आमचा विरोध नाही. ७२ चा दुष्काळ आम्ही पाहिला आहे, खडी फोडून सुकडीवर जगलो आहोत. सावली नसलेल्या माळावर जन्म गेला त्याला झाडाचं मोल शिकवायची गरज नाही. वह्या-पुस्तकं आमच्या पोरांनाही हवी आहेत, कागद नको असं आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारतो एवढंच: कोणतं झाड, कुणाच्या नावावरच्या जमिनीत, आणि पिकल्यावर कुणाचं?

आमच्यातही दोष आहेत, ते लपवणार नाही. गायरान आम्ही सगळ्यांनी मिळून ओरबाडलं आहे. बाभळी तोडून विकणाऱ्यांत आमचेही काही जण होते. कुठं आधी पेरणाऱ्यानं मागून आलेल्याला जागा दिली नाही. पण गावातल्या मोठ्या बागायतदारानं 'गावच्या गुरांना चरायला जागा राहिली नाही' म्हणून आमच्यावर अर्ज केले, पिकात जनावरं घातली, तोच बागायतदार रोपांच्या ठरावाला पहिला हात वर करतो, तेव्हा विचारावंसं वाटतं, दादा, आता गुरं कुठं चरणार? त्याला गुरांची काळजी नव्हतीच. आमच्या हातात जमीन आली की त्याच्या वावरात सालगडी मिळत नाही, ही खरी अडचण.

आणि झाडंच लावायची आहेत ना? त्यालाही सरकारचीच योजना आहे. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग मिळते. बोर, आंबा, सीताफळ, चिंच. आमच्या बालाघाटाच्या मुरमात सीताफळ आणि बोर न लावता येतात! खड्ड्याचे पैसे, रोपाचे पैसे सरकार देतं. अट एकच, जमीन स्वतःच्या नावावर हवी. म्हणजे सातबारा असलेल्याला फळबाग आणि सातबारा नसलेल्याला निलगिरीचा खड्डा. तेव्हा साहेब, आमचं उत्तर सरळ आहे: सातबारा द्या, झाडं आम्ही लावतो. शेळी आम्ही राखतो. तिसऱ्या वर्षी येऊन मोजा, कुणाची रोपं जगली ते.

कुसनूरला काय झालं

हे सगळं बोलून काय होणार, असं म्हणणाऱ्यांसाठी शेजारचीच एक हकीकत.

१९८४ साली कर्नाटक सरकारनं हरिहरच्या पॉलिफायबर कारखान्याबरोबर भागीदारीत एक कंपनी काढली. सुमारे ७५ हजार एकर सरकारी जमीन तिला निलगिरी लावायला द्यायचं ठरलं, चाळीस वर्षांसाठी. ती जमीनही कागदावर पडीकच होती. प्रत्यक्षात तिथं आजूबाजूच्या गावांची चराई, सरपण, पालापाचोळा. १४ नोव्हेंबर १९८७ ला धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला गावकरी जमले. कंपनीची निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडं लावली. सत्याग्रहाचं नावच होतं 'उपटा आणि लावा'. जोडीला कोर्टातही लढले. १९९१ साली ती कंपनी गुंडाळायचा निर्णय सरकारला करावा लागला.

कुसनूरच्या माणसांनी नुसतं उपटलं नाही, लावलंही. म्हणून त्यांना झाडांचे वैरी म्हणता आलं नाही.

कागद काय सांगतात

आपल्या बाजूचेही कागद आहेत. ते पाठ करून ठेवा.

१९५२ च्या वननीतीचा सूर असा होता की जंगल देशाचं, जवळ राहतो म्हणून गावाचा जास्त हक्क नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनं तो सूर बदलला. जंगलात आणि जंगलालगत राहणाऱ्या आदिवासी व गरिबांच्या गरजा आधी, उद्योग नंतर. उद्योगाला सवलतीच्या भावात माल देणं बंद करा, आणि उद्योगानं आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी नातं जोडून, रास्त भावानं मिळवावा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे गिरणीला निलगिरी हवी असेल तर तिनं सातबारावाल्या शेतकऱ्याकडे जावं, त्याच्याशी भाव करावा. गायरानाकडे बघायचं कारण नाही.

१८ सप्टेंबर १९९० ला केंद्र सरकारनं परिपत्रकं काढली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याआधीची पात्र अतिक्रमणं नियमित करा आणि वनगावांना महसुली गावं करा. तुमच्यापैकी किती गावांत त्याची अंमलबजावणी झाली, ते आम्हाला कळवा.

१९९२ च्या १६ मार्चला महाराष्ट्र सरकारनं संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला. गावानं राखायचं, उत्पन्नात वाटा मिळायचा. ऐकायला गोड आहे. पण सही करण्याआधी विचारा: ज्या जमिनीवर समिती नेमता तिच्यावर आमचे दावे आहेत, त्यांचं काय? दाव्याचा निकाल आधी, समिती नंतर.

सगळ्यांत मोठा धोका शेवटी सांगतो. गायरान महसूल खात्याचं असेल तर १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांप्रमाणं कलेक्टर ते नियमित करू शकत होता. ते वनखात्याला देऊन एकदा वन म्हणून अधिसूचित झालं की १९८० चा कायदा लागतो. मग एक गुंठा सोडवायलाही दिल्लीची परवानगी लागते. केजहून बीडला जायला एसटीचे पैसे नसतात, दिल्लीला कोण जाणार? निलगिरी उपटता येते. सातबारावर चढलेला 'वन' हा शब्द उपटत नाही. म्हणून रोपं यायच्या आधीच उभं राहायचं.

आता काय करायचं

एक. गायरान कसणाऱ्या प्रत्येकानं तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना १-ई मध्ये आपलं नाव आहे का ते बघावं. ती अतिक्रमणाची नोंदवही. 'अतिक्रमण' शब्दाला लाजू नका, त्या वहीतलं नाव हाच आपला पुरावा. नाव नसेल तर लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्या.

दोन. दंडाच्या पावत्या, कोर्टाचे समन्स, जप्तीच्या नोटिसा फेकू नका. सरकारनं आपल्याला जेव्हा जेव्हा शिक्षा केली तेव्हा तेव्हा आपण तिथं होतो हे त्यानं लिहून दिलं आहे. पत्र्याच्या डब्यात ठेवा, उंदीर खातात.

तीन. रोपवनाच्या ठरावावर न वाचता सही-अंगठा देऊ नका. सर्व्हे नंबर कोणता, किती एकर, झाड कोणतं, तोड कोण करणार, पैसा कुणाला, हे पाच प्रश्न लिहून विचारा आणि उत्तरंही लिहूनच मागा. अशी सभा ऊसतोडीच्या काळात ठेवली तर लेखी हरकत घ्या.

चार. जंगलपट्टीतल्या गावांत वनकायद्याच्या कलम ४ ची नोटीस लागली तर झोपू नका. कलम ६ प्रमाणं दावे मांडायला किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते. मुदत गेली की हक्क गेल्यासारखाच.

पाच. प्रत्येक वस्तीनं आपला हिशेब लिहावा. किती पोती, किती शेळ्या, किती मोळ्या, किती घरं कोयत्यावर गेली आणि किती थांबली. जंगलपट्टीत मोह, चारोळी, डिंक, तेंदू, बांबू यांचा लिहा. शाळेतल्या पोरांच्या वहीत लिहिलं तरी चालेल. पुढच्या सभेत साहेब 'पडीक' म्हणाले की ही वही टेबलावर ठेवू.

आमच्या मागण्या: १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांप्रमाणं पात्र गायरानधारकांना, नवरा-बायको दोघांच्या नावे, सातबारा मिळावा. दाव्यांचा निकाल लागेपर्यंत एकही रोप लावू नये. उरलेल्या गायरानावर काय लावायचं ते कसणाऱ्यांनी आणि चारणाऱ्यांनी ठरवावं. गिरण्यांना गायरान आणि जंगलजमीन भाड्यानं देऊ नये.

त्या गावातली म्हातारी परवा भेटली. तिला विचारलं, ट्रॅक्टर आला तर काय करशील? म्हणाली, "म्या काय करनार? म्या तिथंच बसंन. शेळ्याबी हायेत, त्याबी बसत्याल." मिरगाच्या आधी आम्हीही तिच्या शेजारी जाऊन बसणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावं. येताना बोराच्या, चिंचेच्या, सीताफळाच्या बिया घेऊन यावं.

कसेल त्याची जमीन! राखेल त्याचं जंगल!

— आम्ही, केज तालुक्यातले गायरानधारक